चुकीचं रबर

गारा पडायला लागल्या म्हणून दारिका त्या दुकानात शिरली, नाहीतर कशाला शिरली असती! ओश बाजाराच्या मागे पत्र्याच्या दुकानांची लांबलचक रांग आहे, तिथं ती तासाभरापासून फिरत होती. जो तो दुकानदार तिच्या हातातल्या वस्तूकडे एक नजर टाकायचा, मान हलवायचा आणि पुढच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. बिश्केकमधला एप्रिल म्हणजे सकाळी ऊन आणि दुपारी काहीही... छत्री अर्थातच घरी राहिली होती. तिनं छातीशी धरलेलं टॉवेलचं गाठोडं कोटाखाली घेतलं आणि समोर दिसलं त्या दारातून आत उडी मारली.

"अहो, एवढ्याशा बाळाला घेऊन या असल्या हवेत?" आतून कुणीतरी म्हणालं.

"बाळ नाही. पंप आहे."

दुकान कसलं, बोळच तो. दोन्हीकडे छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि वरून काळे पट्टे लोंबत होते, लग्मानच्या शेवया वाळत घातल्यासारखे. गल्ल्यामागे तिशी ओलांडलेला एक उंच, लांबट चेहऱ्याचा माणूस कानावर पेन्सिल खोचून बसला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले, खरंच बाळ घ्यावं तसे, आणि टॉवेल उलगडला.

"वॉशिंग मशीनचा. पुढून दार असलेल्या. तीन स्क्रूंचा, वायर मागून." त्यानं पंप डोळ्यांपाशी नेला, पंपाच्या तोंडात बोट घालून काहीतरी ओढलं... ओढतच राहिला... आणि एक इवलासा निळा मोजा बाहेर आला. "हा कुणाचा?"

"आसानचा. नाहीतर उसेनचा."

"जुळी? तुमची?"

"बहिणीची. पंपाचा आणि याचा काय संबंध?"

"काही नाही," तो शांतपणे म्हणाला आणि मागे वळून खोकं शोधू लागला. पण त्याचे कान, पेन्सिलसकट, लाल झाले होते. दारिकाच्या ते लक्षात आलं नाही. ती गारा कधी थांबतात ते बघत होती.

दारिका शाळेत भूमिती शिकवायची. वय एकोणतीस. घरी बाबा – तोक्तोसून, ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले – आणि धाकटी बहीण नाझिरा, जिचा नवरा मॉस्कोला बांधकामावर होता. नाझिराची आठ महिन्यांची जुळी पोरं. किरगिझ घरात जुळी मुलं म्हटल्यावर नावं आसान आणि उसेनच असणार. पाच जणांचे कपडे, त्यातले दोन जण दिवसाला दहा-दहा वेळा सगळं भिजवणारे, आणि मशीन बंद!

नवीन घ्या, असं शेजारपाजारचे सगळे सांगत. ते शक्य नव्हतं, आणि का शक्य नव्हतं हे सांगताना दारिकाला दर वेळी संताप यायचा. मशीन न्हाणीघरात आणून ठेवल्यानंतर बाबांनी हौसेनं स्वतःच्या हातानं फरश्या बसवल्या होत्या. खाली, भिंतींना, चौकटीला. दोन थर! काम देखणं झालं होतं, फक्त चौकट चार बोटं अरुंद झाली होती. आता मशीन आतून बाहेर येत नव्हतं आणि बाहेरून दुसरं आत जात नव्हतं. बाबांना हे सांगितलं की ते म्हणत, "फरशी मात्र एक हलली नाही बघ सात वर्षांत."

दुरुस्तीवाले तीन जण 'उद्या येतो' म्हणाले. एक खरंच आला, चौकट बघून हसला, चहा प्यायला आणि गेला. 'उद्या' या शब्दाचाच तिला वीट आला होता. तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो कझानला गेला होता आणि चार वर्षं 'पुढच्या वसंतात' म्हणत राहिला होता. शेवटी तिनंच त्याला कळवलं, की आता वसंत पुरे. तेव्हापासून ती स्वतःची कामं स्वतः करायची. मशीनही स्वतःच उघडायचं ठरवलं. स्क्रूच तर आहेत, जादू नाही.

पंप बसला. पहिल्या फटक्यात. पाणी घुर्रकन निघून गेलं तेव्हा तिला इतका आनंद झाला, की नाझिराला मिठी मारून तिनं तिच्या अंगावर सगळं ग्रीस पुसलं. पण दुसऱ्याच दिवशी मशीनच्या दारातून थेंब... थेंबाची धार... आणि धारेचं तळं. दाराभोवतीचं जाड रबर खालून फाटलं होतं.

ती पुन्हा त्या बोळात गेली.

"पंप चालतोय?" त्यानं विचारलं. त्याचं नाव कुबात होतं, हे पावतीवर वाचून तिला कळलं होतं.

"चालतोय. रबर हवंय."

"मॉडेलचा नंबर?"

तिनं वहीतून कागद काढला. रबराचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, पाणी सोडणाऱ्या भोकाचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये, आकृतीसकट. कुबात त्या आकृतीकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुम्ही शिकवता?"

"भूमिती. कशावरून?"

"कंपासनं काढलेलं रबर मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, बाई."

तेव्हापासून तो तिला 'बाई'च म्हणू लागला. त्यानं एक रबर दिलं. दारिकानं ते घरी नेलं, बाथटबच्या कडेवर अर्धं बूड टेकवून, एक पाय मशीनवर रोवून दोन तास त्याच्याशी झुंजली. ज्यांनी हे रबर कधी बसवलं नसेल त्यांना काय सांगावं... एका बाजूनं घातलं की दुसऱ्या बाजूनं सुटतं. भोवती एक तारेची स्प्रिंग असते, ती शेवटच्या दोन बोटांपर्यंत अगदी गुणी पोरासारखी येते आणि मग टणकन उडून तोंडावर बसते. तिची दोन नखं तुटली. बाबा दाराशी स्टूल टाकून बसले होते आणि सल्ले देत होते. शेवटी रबर बसलं, आणि तेव्हा कळलं, वरून पाणी येण्याच्या नळीला त्यात भोकच नाही.

"चुकलं माझं," कुबात म्हणाला. खरंच ओशाळला होता. "तुमच्या मॉडेलची दोन तऱ्हेची रबरं येतात, हे मला माहीत नव्हतं. अल्माटीहून मागवतो. सोमवारी या."

सोमवारी ती गेली. मुलांचे कपडे आठवडाभर हातानं धुतले जात होते. नाझिरा रात्रभर जागलेली असायची, म्हणून दारिकाच धुवायची, शाळेतून आल्यावर, वाकून, बाथटबमध्ये. पण कुबातच्या दुकानात मात्र ती जरा... काय म्हणावं... केस नीट करून जायची. का, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. तिथं चहा मिळायचा. तो हळू बोलायचा, नारीनच्या डोंगराळ भागातली माणसं बोलतात तसा, एक वाक्य संपवून दुसरं सुरू करायच्या आधी घोड्याला पाणी पाजून यावं इतका हळू. तिला राग यायचा. आणि घरी आल्यावर त्याची वाक्यं आठवायची.

"बाई, एक विचारू? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज नेहमी तेवढीच कशी काय येते?"

"तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय, की टाइमपास?"

"दोन्ही."

तिनं त्याच्याच पेन्सिलीनं, खोक्याच्या पुठ्ठ्यावर, समजावून सांगितलं. तो ऐकत होता. पुठ्ठ्याकडे कमी बघत होता, एवढंच.

सोमवारचं रबर घरी नेऊन बसवलं, तर ते घेरानं मोठं निघालं. सबंध बोटभर! दार लागेचना.

पुन्हा ती गेली ती शाळेतून थेट, पावसात, मोठं रबर खांद्यावर पट्ट्यासारखं घालून. ट्रॉलीबसमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थानं तिला विचारलंही, "लेकी, पोहायला चाललीस का?" दुकानात कुबात नव्हता. शेजारच्या नळ्या-पाइप विकणाऱ्या काकू त्याच्या जागी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या.

"तो चहाचं पाणी आणायला गेलाय. तुला काय हवं, मुली?"

दारिकानं सगळं सांगितलं. काकूंनी खांद्यावरचं रबर बघितलं, नंबर विचारला आणि तोंडातली साल बाजूला काढून म्हणाल्या, "अगं, त्याचं रबर होय? हे काय, इथंच तर टांगलंय त्याच्या डोक्यावर. गेल्या शनिवारीच आलंय अल्माटीहून. मी म्हटलं, दे की विकून, तर म्हणाला, राहू द्या जरा."

दारिकानं वर बघितलं. खिळ्याला रबर लोंबत होतं. नळीच्या भोकासकट. वर कागद चिकटवलेला आणि कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं – 'बाई'.

शनिवारी आलेलं. म्हणजे सोमवारी ती आली तेव्हा ते तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं, आणि त्यानं शांतपणे दुसरंच बांधून दिलं होतं...

कुबात दारात उभा होता, हातात किटली.

"हे चुकून झालं का?" दारिकानं विचारलं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारते तसं, अगदी हळू आवाजात.

त्याला खोटं बोलता आलं असतं. काकूसुद्धा बिया सोलायच्या थांबल्या. तो म्हणाला, "पहिलं चुकून. दुसरं... मुद्दाम."

"का?"

"बरोबर रबर दिलं असतं, तर तुम्ही पुन्हा आला नसता."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे वाक्य ऐकून ती हसली असती. त्या दिवशी तिनं फक्त हातमोजे काढले आणि दोन्ही हात त्याच्यासमोर गल्ल्यावर ठेवले. बोटांची पेरं भेगाळली होती. साबणाच्या पाण्यानं कातडी लाल आणि सुरकुतलेली. अंगठ्याला चिकटपट्टी.

"आठवडाभर दिवसाला चाळीस कपडे," ती म्हणाली. "तुम्हाला गंमत वाटली. मला उद्या या, सोमवारी या म्हणणारी माणसं पुष्कळ भेटलीत. मला वाटलं होतं, तुम्ही त्यांच्यातले नाही."

तिनं टाचा उंचावून खिळ्यावरचं रबर काढलं, चुकीचं त्याच्या अंगावर फेकलं आणि निघाली. कुबात मागून काहीतरी म्हणत होता. पण नारीनच्या माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत ती चौकात पोचली होती.

रबर बसलं. पाऊण तासात. दार लागलं, थेंब नाही, धार नाही. दारिकानं मोठ्या दिमाखात मशीन सुरू केलं आणि ओट्याशी चहा ओतायला गेली. कपडे पिळायची वेळ आली तेव्हा न्हाणीघरातून असा आवाज आला, की बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. घरघर, मग खडखड, मग लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी. आसान रडला, म्हणून उसेन रडला. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्यानं छत ठोकल्याचा आवाज आला.

"बेअरिंग," बाबा गंभीरपणे म्हणाले. "ट्रॉलीबसचं चाक असंच ओरडतं जायच्या आधी."

दारिका न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली आणि तिला रडूच आलं. बेअरिंगसाठी नाही. कशासाठी ते... जाऊ दे.

पुढचे दोन दिवस ती बाजारातल्या बाकी सगळ्या दुकानांत फिरली, त्या एका बोळाकडे मान न वळवता. बेअरिंग मिळत होतं, त्याच्यापुढचं, पाणी अडवणारं ऑइल सील मिळत नव्हतं. सील मिळालं, तर काम करणारा माणूस मिळत नव्हता. सगळे एकच सांगत होते, की या मशीनचा टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला येतो, उघडतच नाही. टाकून द्या आणि नवीन घ्या. नवीन घ्या! तिला त्या माणसांना घरी नेऊन चौकटीत उभं करावंसं वाटत होतं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात कुबात. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात पिशवी, केसांवर पावसाचे थेंब.

"पत्ता कुणी दिला?" दारिकाचा पहिला प्रश्न.

"मी," बाबा मागून म्हणाले. "पंपाच्या पिशवीवर फोन नंबर होता. मी काही नाही बोललो, फोन मशीनपाशी धरला फक्त. हा म्हणाला, येतो. मग पत्ता तेवढा सांगितला."

"मी कधी येऊ, असं विचारलं नाही," कुबात म्हणाला. "लगेच निघालो. बाई, मला माफ करायची घाई नाही. पण मशीन आज उघडतो. बंद टबच आहे ना? मी तो करवतीनं कापणार."

"कापणार?"

"कापणार. आणि पुन्हा जोडणार. नाही जमलं, तर तुमच्या चाळीस कपड्यांची पाटी रोज माझ्याकडे. हातानं धुईन."

दारिका बाजूला सरली. "बूट तिथं काढा," एवढंच म्हणाली. नाझिरा मात्र स्वयंपाकघराच्या दारातून एका कडेवर एक आणि दुसऱ्या कडेवर एक पोरगं घेऊन सगळं डोळे भरून बघत होती.

सगळ्यात आधी त्यानं न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून काढून बाहेर ठेवलं, वळायला जागा हवी म्हणून. मग मशीनचं वरचं झाकण, पुढचा पत्रा, सिमेंटची वजनं, पट्टा, मोटर. दारिका एकेक स्क्रू घेऊन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत होती आणि प्रत्येकाखाली कुठला ते लिहीत होती. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण अडीच पावलांच्या न्हाणीघरात, दोन माणसांमध्ये एक टब असताना, न बोलणं किती वेळ जमणार...

"धरा. तिकडून. नाही, तिकडून."

"तिकडून म्हणजे कुठून? दिशा सांगा."

"तुमच्या हृदयाकडून."

"डावीकडून म्हणा."

टब मशीनमधून बाहेर आला, चौकटीतूनही निघाला, आणि बाबांनी 'बघ, निघाला की नाही' अशा नजरेनं दारिकाकडे बघितलं. बोळकांडीत चादर अंथरून कुबात कापायला बसला. आधी त्यानं सांध्याच्या कडेनं गोल भोकं पाडली, मागाहून स्क्रू घालता यावेत म्हणून. दोन भोकांतलं अंतर सारखं यावं म्हणून दारिकानं पुढे होऊन न विचारताच खुणा करून दिल्या. मग करवत. एका जागी हात दुखला की ती घ्यायची, तिचा दुखला की तो. पांढरा भुसा दोघांच्या केसांत, भुवयांवर बसला होता. एकदा करवत घेताना त्यानं तिचं बोट पाहिलं, चिकटपट्टीचं, आणि करवत सोडलीच नाही.

"द्या," ती म्हणाली.

"नको. हे सगळं मीच कापतो."

"पश्चात्ताप म्हणून?"

"हो."

"मग वेगानं करा पश्चात्ताप. चार वाजता पोरं उठतील."

दुपारी टबाचे दोन तुकडे झाले. आत ड्रमच्या मागे सात वर्षांचा खजिना निघाला. बटणं, एक कंगव्याचा दात, मोजा, आणखी एक मोजा, आणि शेवटी एक अर्धगोल वाकलेली बारीक तार, कडेनं कापडाचा धागा लागलेली. कुबातनं ती उजेडात धरली.

"हा पार्ट मशीनचा नाही. कशाचा असावा..."

ब्रेसियरमधली ती तार दारिकानं झडप घालून हिसकावली. "सुई आहे."

"एवढी वाकडी?"

"विणायची!"

आतून नाझिराचं हसू ऐकू आलं. कुबातनं मान खाली घालून गंजलेलं बेअरिंग ठोकायला घेतलं आणि पुढची पंधरा मिनिटं वर बघितलं नाही. कान मात्र पुन्हा लाल. या वेळी दारिकानं ते बघितलं.

नवी बेअरिंग त्यानं आल्या आल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला दिली होती, खिमा भरलेल्या, गोठवलेल्या मांतींच्या शेजारी. थंडीनं ती आकसतात आणि सहज बसतात म्हणे. ती खरंच हातोड्याच्या दोन घावांत बसली. सीलला सढळ हातानं ग्रीस लावलं. बाबांनी तेवढ्यात कणकेचे बोरसोक तळायला लावले आणि चहाच्या वाट्या मांडल्या. बाबांना जे विचारायचं होतं ते ते सकाळपासून धरून बसले होते.

"कुठला तू, बाळा? नारीनचा?"

"हो, बाबा. आई अजून तिकडेच असते."

"आम्ही तलासचे. नारीनची माणसं हट्टी असतात."

"तलासच्या माणसांना नारीनची माणसं काय म्हणतात, ते चहा पिऊन झाल्यावर सांगतो," कुबात म्हणाला, आणि बाबा इतके हसले की ठसका लागला.

मग तोच, वाटीकडे बघत, हळूहळू बोलला. तो सहा वर्षं रशियात, नोवोसिबिर्स्कला मशीन दुरुस्त करत होता. घरोघर जायचा. दार उघडणारी माणसं त्याचे बूट बघत, पेटी बघत, त्याला कुणी नाव विचारत नसे. परत आल्यावर त्यानं ठरवलं, फक्त पार्ट विकायचे, कुणाच्या घरी जायचं नाही. "आज पहिल्यांदा आलोय," तो म्हणाला. "तुम्ही मला पहिल्याच दिवशी ओरडलात, बाई. पंपावरून. माणसाला ओरडावं तसं ओरडलात. तो आवाज दुकानात पुन्हा ऐकू यावा, असं वाटलं. पण हात असे होतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फक्त माझाच विचार केला."

दारिकानं त्याच्या वाटीत चहा ओतला. निम्मी वाटी, तिकडच्या रीतीनं, पाहुण्यानं बसावं म्हणून. भरून दिली असती, तर त्याचा अर्थ 'निघा' असा झाला असता.

टबाचे दोन भाग सिलिकॉन लावून, स्क्रू आवळून जोडले. एकेचाळीस स्क्रू. चाळिसाव्याला पेचकस निसटला आणि कुबातनं स्वतःच्या बोटात खुपसला. चिकटपट्टी दारिकानं आणली. तिनंच लावली. खाली बघून, फार सावकाश...

"सिलिकॉन वाळायला पूर्ण एक दिवस लागतो," तो म्हणाला. "मी उद्या..."

तो थांबला. दारिकाचा हातही थांबला.

"तो शब्द मी म्हणत नाही," कुबात म्हणाला. "वेळ सांगतो. अकरा वाजता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारिकानं पंधरा वेळा घड्याळ बघितलं आणि घड्याळाचाच राग केला. अकराला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. नाझिरा म्हणाली, "मी उघडू का?" आणि उत्तराची वाट न बघता जागच्या जागीच बसून राहिली.

टब आत गेला. मोटर, पट्टा, वजनं, पत्रा. वर्तमानपत्रावर एकही स्क्रू शिल्लक राहिला नाही, याचं कुबातला फार नवल वाटलं. "माझे नेहमी दोन उरतात," तो म्हणाला. कपडे भरले, दार लावलं, बटण दाबलं. पाणी आलं. दोघं मशीनसमोर गुडघ्यांवर बसले, काचेतून एक इवलंसं पिवळं झबलं वर जाताना, खाली पडताना बघत. बाहेर पाऊस लागला होता. खिडकी नव्हती त्या न्हाणीघराला, पण नळीतून पावसाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

थेंब नाही. धार नाही.

कपडे पिळायची वेळ जवळ आली तसा कुबात अस्वस्थ झाला. दारिकाला वाटलं, बेअरिंगची काळजी. तसं नव्हतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि आतल्या खोलीत बाबा, नाझिरा, दोन पोरं. त्यानं मनाशी बेत केला होता, की मशीन पिळायला लागलं, की त्या घरघराटात सांगून टाकायचं. तिच्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही.

ड्रम फिरू लागला... वेग वाढला... आणखी वाढला. कुबातनं एक मोठा श्वास घेतला, तिच्याकडे वळला आणि आवाज चांगला चढवून, शब्दाशब्दाला जोर देऊन म्हणाला –

"दारिका, मला तू फार आवडतेस! रबर बदलायला नाही, नुसतीच यावीस असं वाटतं मला! रोज!"

मशीन फिरत होतं. पूर्ण वेगानं फिरत होतं. पण आवाज... आवाज कुठं होता? नुसती एक भुरभुर, मांजर झोपल्यासारखी. त्यानं काम इतकं चोख केलं होतं, की त्याचं वाक्य सगळ्या घरात, बोळकांडीत, बहुतेक खालच्या मजल्यावरही स्पष्ट पोचलं.

आतल्या खोलीत चमचा पडला.

"ऐकलं बरं का आम्ही!" बाबांचा आवाज आला. "मशीन चांगलं झालंय!"

"बाबा, दार लावा!" दारिका ओरडली. तिचा चेहरा कानांपर्यंत तापला होता.

"कुठलं दार? यानं काढून ठेवलंय ना!"

कुबातनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच दारिकाला त्याच्यावर राग धरता येईना. तिनं खूप प्रयत्न केला. रबर आठवलं, सोमवार आठवला, स्वतःचे हात आठवले. राग होता, थोडा, आणि तो जायला वेळ लागणार होता हेही तिला माहीत होतं. पण हा माणूस विचारल्याबरोबर खरं बोलला होता. अकरा म्हणाला आणि अकराला आला होता.

"पुन्हा कधी मला खोटं सांगितलंत..." ती म्हणाली.

"नाही सांगणार."

"चांगल्या कारणासाठीही नाही."

"नाही."

काचेपलीकडचं झबलं दिसेनासं झालं होतं, नुसती एक पिवळी रेघ फिरत होती. रेघ थांबली. मग दारिका उठली, हात पुसले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा 'तुम्ही' सोडून म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं –

"पुढच्या रविवारी ये. अकरा वाजता. आणि ती पेटी घरी ठेवून ये."